आडनाव वैरागडे, पण वैरागडला आमचं कोणीच नाही. मूळ गाव शोधायचं कसं?

महालवाला_८७:
नमस्कार मंडळी. आमचं आडनाव वैरागडे, चार पिढ्यांपासून नागपुरात, महालात घर. आबाजी सांगायचे की आपण मूळचे वैरागडचे, तिथं हिऱ्याची खाण होती अन् आपले पूर्वज राजाचे हिरे सांभाळायचे (घरचा धंदा तेलाच्या घाण्याचा, मधात हिरे कुठून आले देव जाणे). मागच्या दिवाळीत मी अन् चुलतभाऊ गाडी काढून गेलो, आरमोरीच्या पुढे, किल्ला पाह्यला, चार म्हाताऱ्यांना विचारलं तर एक आजोबा म्हणे, "इथं तुमचं कोणी नाई बाप्पा, तुमच्या नावाचे लोकं पवनीकडे पहा." पेट्रोल वाया. आमच्याजवळ पणजोबा सीताराम, इथपर्यंतच नाव आहे, त्याच्यावर सगळं कोरं. जानेवारीत सगळ्या खानदानाचं गेट-टुगेदर ठरलंय अन् वंशावळीचं काम माझ्या गळ्यात. आडनावावरून गाव काढणं हे उगाचच असते काय?

संत्राबर्फी:
उगाच नाही, पण उलटं आहे ते. वैरागडात राहणाऱ्याला वैरागडे म्हणणार कोण? तिथं तर सगळेच वैरागडचे. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की मग तिथले लोकं "तो वैरागडचा" म्हणतात अन् ते चिकटते. रामटेके, नागपुरे, उमरेडकर, सगळ्यांचं असंच. आपल्याकडे 'कर' न लावता नुसतं 'ए' लावूनही भागते. म्हणून आडनावातलं गाव म्हणजे जिथून निघाले ते, अन् मधात दोन-तीन मुक्काम झाले असतील तर ते आडनावात दिसत नाहीत. पवनीवाल्या आजोबांना हसू नका, तो मधला मुक्काम असू शकतो.
आणि आबाजींची खाण खरी हां. आईन-ए-अकबरीत वैरागडच्या हिऱ्यांचा उल्लेख आहे. सांभाळायचं काम तुमच्याकडे होतं का ते सोडून द्या.

तहसीलचे_चक्कर:
भाऊ, आधी एक सांगा, तुमच्या खानदानात कोणाची कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जातीच्या दाखल्याची पडताळणी, झाली आहे का? इंजिनिअरिंग-मेडिकलला गेलेलं एखादं पोरगं, नाहीतर सरपंचकीला उभा राहिलेला काका? झाली असेल तर अर्धं काम झालेलं आहे. त्या फाईलमध्ये वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलेली असते अन् जुने पुरावेही जोडलेले असतात. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे लागतात म्हणून लोकं आजा-पणजाच्या शाळेपर्यंत जाऊन दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढून आणतात. मी पोरीच्या वेळेस आठ महिने हेच केलं, चपला झिजल्या.
फाईल नसली तर १९५४-५५ चं अधिकार अभिलेख (जमीन कोणाच्या नावानं, त्याची नोंद) पहा, मग बंदोबस्ताची मिसल (इंग्रजांच्या काळातली जमीन-महसुलाची फाईल), अन् कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही). पण कोतवाल बुकात आडनाव शोधत बसू नका. मी दोन दिवस तेच केलं अन् काहीच मिळालं नाही, मग तिथल्या बाबूने सांगितलं तेव्हा उजेड पडला. "गोविंदा वल्द महादू, तेली" एवढंच लिहिलेलं असते, म्हणजे महादूचा पोरगा गोविंदा. आडनाव हवं कोणाला, गावात सगळे ओळखत होते. जन्माच्या नोंदीत तर पोराचं नावही नसते कित्येकदा, नुसतं "मुलगा झाला". तेव्हा बापाचं नाव, जात अन् मौजा (म्हणजे गाव), या तिन्हीची सांगड घालून शोधायचं. आणि गडचिरोली जिल्हा १९८२ चा आहे, त्याच्या आधीचं सगळं चांदा, म्हणजे पुढचं चंद्रपूर, जिल्ह्याच्या नावानं आहे हे लक्षात ठेवा.

चौकातली_चर्चा:
आमच्या चंद्रपूरकडे 'वार' असते, कन्नमवार वगैरे. मारोतराव कन्नमवार १९६२-६३ मध्ये मुख्यमंत्री होते ना. तो 'वार' तेलुगूतल्या 'वारु'चा, म्हणजे आपल्या 'राव'-'जी' सारखा मान. पण आडनावावरून जातीचा अंदाज नका बांधू कोणी, एकच मेश्राम गोंडांत पण सापडते अन् बौद्धांत पण.

सीताबर्डी_लोकल:
त्र्यंबकेश्वरला कोणी गेलं होतं का तुमच्याकडचं अस्थी घेऊन? मी २०१६ ला बाबांच्या गेलो. गुरुजींनी पहिले गाव विचारलं, मग आडनाव, मग आतून लाल कापडात बांधलेली चोपडी काढली. पानं उलटता उलटता आमच्या आजोबांची सही निघाली, वाकडी, 'र' उलटा काढलेला. आजोबांना सही करता येते हेच आम्हाला माहीत नव्हतं, घरी ते अंगठाच द्यायचे! खाली आलेल्या सगळ्यांची नावं, बापाचं, आज्याचं, भावांचं. फक्त तिथं गाव नीट सांगा, उपाध्ये गावावर वाटून असतात. तुम्ही नागपूर म्हणाल तर भलत्याच चोपडीत शोधत बसतील. पवनी सांगून पहा.

महालवाला_८७:
मंडळी, खूप थँक्यू. व्हॅलिडिटीवाला उपाय लागला! भंडाऱ्याच्या काकांच्या पोराची झाली होती, फाईल माळ्यावर, उंदरांनी कोपरा खाल्लेला. त्यात सीतारामचा बाप महादू, त्याचा बाप लक्ष्मण, अन् मौजा पवनी तालुक्यातला. वैरागड त्याच्याही मागं कुठंतरी असेल.
आता गंमत ऐका. आत्याला कौतुकाने ती वंशावळ दाखवली, तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली अन् म्हणे, "माहं नाव काऊन नाई याच्यात?" खरंच नाही हो, एकाही पोरीचं नाही. तेव्हापासून ती रोज दुपारी फोन करून सांगून राह्यली, सीतारामला तीन बहिणी होत्या, एक उमरेडला दिली, एकीचे पोरं कामठीला बिडीच्या कामावर होते, तिसरीचं नाव आठवत नाई पण तिच्या डोळ्यात फूल होतं. अर्धी वही भरली. कामठीवाल्यांचा पत्ता काढतोय आता.