गिटारचा पट्टा: खरं चामडं की कृत्रिम?

सहावीतार
तीन वर्षांपूर्वी गिटारसोबत घेतलेला काळा पट्टा आता सोलून निघतोय. वाजवून झालं की शर्टाच्या खांद्यावर आणि मानेवर काळे कण चिकटलेले असतात, घाम आला की जास्तच. गिटार लेस पॉल धाटणीची आहे, काट्यावर ठेवली तर ४.३ किलो भरली. दोन तास उभं राहून सराव केला की डावा खांदा भरून येतो.

नवीन घ्यायचाय. खरं चामडं घेऊ की चांगल्यापैकी कृत्रिम? आणि खरं म्हणून हातात दिलेलं खरंच खरं आहे हे ओळखायचं कसं? पट्टा मी काढत नाही, गिटार पट्ट्यासकट स्टँडवर असते.

कोरसवाला
मी नायलॉनचा वापरतो. चामडं नकोच असेल तर तिसरा पर्याय म्हणून सुती किंवा नायलॉनची विणलेली पट्टी बघा. धुता येते, वर्षानुवर्षं टिकते. गुळगुळीत विणीची मात्र खांद्यावरून सरकते.

खर्जातली
अठरा वर्षं बेस गिटार वाजवतेय, म्हणून पट्ट्यांवर जरा सविस्तर लिहिते.

ते काळे कण म्हणजे पॉलियुरेथेनचा थर. कृत्रिम लेदर म्हणजे खाली कापड आणि वर प्लॅस्टिकचा पातळ लेप. हवेतली ओल तो लेप आतून कमकुवत करत जाते, घाम त्यात भर घालतो. त्यामुळे नुसता कपाटात ठेवलेला पट्टाही काही वर्षांत सोलतो. तेल, पॉलिश काही लावत बसू नका, तो थांबणार नाही.

पण मला सोलण्यापेक्षा पट्ट्याच्या टोकांची, म्हणजे बटणात अडकणाऱ्या भोकांची, काळजी जास्त वाटते. एकदा तालमीत अँपचा आवाज कमी करायला वळले आणि बेसच्या वरच्या शिंगाकडचं (नेकजवळच्या निमुळत्या भागाकडचं) टोक पट्टा अडकवायच्या बटणावरून सुटलं. बेस माझ्या हातातून नेकच्या बाजूने खाली गेला आणि हेडस्टॉक (खुंट्या असतात तो शेंडा) फरशीवर आपटला. जाड तारेची खुंटी वाकली, नटच्या (शेंड्याजवळची तारांच्या खाचांची पट्टी) मागे केसाएवढी चीर गेली. तो पट्टा मी ‘लेदर’ म्हणूनच घेतला होता. फाटलेलं भोक उजेडात धरून पाहिलं तर आत पुठ्ठ्यासारखा तपकिरी लगदा, नखाने खरवडला तर भुगा पडला. चामड्याचे तुकडे दळून, चिकटवून, वर छाप मारलेला माल. त्याला बॉन्डेड लेदर म्हणतात. त्यात चामडं असतं हे खरं, पण अख्ख्या कातड्यातले एकमेकांत गुंतलेले लांब धागे त्यात उरत नाहीत, आणि ताण सोसतात ते हेच धागे.

तेव्हापासून पट्टा हातात आला की आधी कड बघते. अख्खं कातडं असेल तर कडेला बारीक तंतू दिसतात, आतली बाजू लवदार लागते. कृत्रिम असेल तर कापडाची वीण आणि वर वेगळा थर दिसतो. कड रंगवून बंद केली असेल तर भोकाच्या चिरेत डोकवा, तिथे सहसा रंग पोचलेला नसतो. वास आणि ‘जेन्युइन लेदर’च्या शिक्क्यावर जाऊ नका. वास लावता येतो, आणि कातड्याच्या वरच्या दाट थराचा पट्टा आहे की खालच्या सैल थराचा, हे तो शिक्का सांगत नाही.

तुमच्या वजनाला मी ३ इंच रुंद, साधारण ३ मिलिमीटर जाड, एकसंध चामड्याचा घेईन. वजन कमी होणार नाही, पण खांद्यावर पसरेल. आतून स्वेड (लवदार, खरखरीत चामडं) असेल तर सरकणार नाही. बेसचा नेक सारखा खाली झुकतो, त्यावर मला स्वेडचाच उपयोग झाला. फक्त गडद रंगाचं नवं स्वेड घामाने कपड्यांवर उतरतं, तेव्हा सुरुवातीला पांढरा शर्ट टाळा. नवा पट्टा बटणावर चढवताना अंगठा दुखला तर तो चांगला समजा. चामड्याला तेल लावायचं तर मधल्या भागाला, तेही अगदी थोडं. भोकाभोवती लावलं की ते मऊ पडून सैल होतं.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या गिटारचं फिनिश, म्हणजे लाकडावरचा चकचकीत लेप, नायट्रोसेल्युलोज लॅकर (थोडक्यात नायट्रो) आहे का? असेल तर पट्टा आजच काढा.

सहावीतार
नायट्रोच आहे. आत्ता काढून पाहिलं. खालच्या बटणाजवळ पट्टा टेकतो तेवढ्या जागेची चकाकी गेलीये, बोट लावलं तर किंचित चिकट लागतंय. हे पट्ट्यामुळेच?

खर्जातली
लक्षणं तीच आहेत. कृत्रिम पट्ट्यांतलं प्लॅस्टिक, विशेषतः पीव्हीसी, मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेली द्रव्यं बाहेर झिरपतात आणि नायट्रो लॅकरला विरघळवतात. काही स्टँडच्या रबराचंही असंच होतं, म्हणून गिटार जिथे टेकते त्या जागाही तपासा. स्पिरिट किंवा थिनर अजिबात लावू नका, लॅकर निघून येईल. कोरड्या मऊ कापडाने हलकेच टिपा, चार-सहा दिवस तिथे काही टेकवू नका आणि मग गिटार दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. चामड्याचा पट्टा आणलात तरी तोही वाजवून झाल्यावर काढत चला, रंगवलेल्या चामड्याचेही डाग पडू शकतात.

कोरसवाला
काढलेला चामड्याचा पट्टा दमट हवेत बंद केसमध्ये गुंडाळून ठेवू नका, पांढरी बुरशी धरते. सावलीत टांगलेला बरा.

सहावीतार
दोन्ही बटणं पुसून ठेवली. स्टँडचं रबर जिथे टेकतं तिथे काही दिसत नाही, तरी मध्ये सुती फडकं घातलंय. उद्या ३ इंची बघायला जातो, भोकाच्या चिरेत डोकावूनच घेईन.