मुलग्यांमधले खाण्याचे विकार मोजायला एकटी ईएटी-२६ पुरेल का?

शोधार्थी_कोल्हापूर

नमस्कार. एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी दोन गट घेतोय: अकरावी-बारावीतले मुलगे आणि जिमला जाणारे १८ ते २५ वयाचे तरुण. विषय देहप्रतिमा आणि खाण्याचे विकार. मार्गदर्शकांनी ईएटी-२६ ही खाण्याच्या सवयींवरची २६ वाक्यांची प्रश्नावली सुचवली आहे, कटऑफ २० (तेवढे किंवा जास्त गुण आले तर धोका मानायचा). पायलटमध्ये (आधीच्या छोट्या चाचणीत) जवळपास सगळे त्याच्या बरेच खाली आले. पण त्याच मुलांशी बोललं की वेगळंच ऐकू येतं. घरची पोळी-भाजी बंद, चिकन वजनकाट्यावर तोलून, आणि जिम चुकली तर रात्रीचं जेवण नाही. मग प्रश्नावली चुकते आहे की मुलं खरंच ठीक आहेत? मराठी भाषांतर करताना काय सांभाळावं? आणि कुणी खरंच आजारी निघाला तर पुढे काय करायचं?

मोजपट्टी

तुमची शंका रास्त आहे. ईएटी-२६ चं १९८२ चं रूप बेतलं गेलं ते ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने उपाशी राहण्याचा आजार) झालेल्या स्त्रिया आणि तुलनेसाठी घेतलेल्या मुली यांच्यावर. त्यातली वाक्यं बारीक होण्याच्या ध्यासाभोवती फिरतात. ज्या मुलाला दंड फुगवायचे आहेत आणि त्याच वेळी पोटावरची चरबी घालवायची आहे, तो 'अजून बारीक व्हावंसं वाटतं' यावर 'कधीच नाही' अशीच खूण करणार. गुणदानही कडक आहे. 'नेहमी'ला ३, 'बहुतेक वेळा'ला २, 'बऱ्याचदा'ला १ आणि उरलेल्या तिन्ही पर्यायांना ०. त्यामुळे मुलग्यांचे गुण शून्याजवळ गोळा होतात, आणि कमी गुण म्हणजे आजार नाही असा निष्कर्ष काढला जातो. तो काढू नका.

ईएटी टाकून द्या असं नाही, जुन्या अभ्यासांशी तुलना करायला ती लागेल. पण जोडीला स्नायूंची बाजू मोजणारं काहीतरी हवंच. ड्राइव्ह फॉर मस्क्युलॅरिटी स्केल (डीएमएस, २०००) १५ वाक्यांची आहे आणि शाळकरी मुलांनाही झेपते. मूळ फॉर्मवर १ म्हणजे 'नेहमी' आणि ६ म्हणजे 'कधीच नाही', म्हणून बेरीज करण्याआधी आकडे उलटवावे लागतात. हे राहिलं तर सगळे सहसंबंध उलट्या चिन्हाचे येतात. स्टेरॉइडच्या विचाराबद्दलचं दहावं वाक्य बहुतेक जण 'कधीच नाही' म्हणून सोडतात, त्यामुळे उपश्रेणी (ठरावीक वाक्यांचे वेगळे गुण) काढताना ते बऱ्याचदा वगळलं जातं.

जिमच्या गटासाठी एमडीडीआय (२००४) ही पिळदार शरीराच्या ध्यासाची प्रश्नावली घ्या. तिची १३ वाक्यं तीन भागांत आहेत: आकार वाढवण्याची ओढ ५, स्वतःच्या रूपाचा तिटकारा ४, रोजच्या जगण्यात येणारा अडथळा ४. माझ्या मते शेवटची चार सर्वांत मोलाची. पिळदार शरीर हवंसं वाटणं हा आजार नाही. व्यायाम चुकेल म्हणून बहिणीच्या लग्नाला न जाणं, तिथे आजार सुरू होतो. ही प्रश्नावली कुठे ०-४ तर कुठे १-५ अशी मोजलेली दिसते, म्हणजे कमाल गुण ५२ किंवा ६५. दुसऱ्याचा कटऑफ उचलण्याआधी त्यांनी कोणती पद्धत वापरली ते तपासा.

खाण्याच्या वागणुकीसाठी ईडीई-क्यू ही प्रश्नावली आहे, २८ प्रश्न आणि मागचे २८ दिवस. मात्र तिचा ४ चा रूढ कटऑफ पुरुषांसाठी फार वर पडतो. कटऑफवर गट पाडण्यापेक्षा गुण सलगच ठेवा.

प्रस्तावनेत 'दहा मुलींमागे एक मुलगा' हे वाक्य कृपया लिहू नका. तो दवाखान्यात पोचलेल्यांचा हिशेब आहे. अमेरिकेतल्या घरोघरच्या पाहणीत (२००७ चा अहवाल) आयुष्यात कधीतरी ॲनोरेक्सिया झालेल्या स्त्रिया ०.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के होते. बुलिमिया (अनावर खाऊन मग उलटी किंवा उपासाने भरपाई करणं) १.५ आणि ०.५. अनावर खाण्याचा विकार ३.५ आणि २.०. रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने १६८९ मध्ये नोंदवलेल्या दोन रुग्णांपैकी एक सोळा वर्षांचा मुलगा होता. मुलगे पहिल्यापासून आहेत, मोजमापातून ते सुटत गेले.

शब्दशः_नको

भाषांतराबद्दल. दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, मग एकमत, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून परत इंग्रजी. हे सगळे करतात. पुढची पायरी गाळली जाते: आठ-दहा मुलांसमोर एकेक वाक्य ठेवून 'यातून तुला काय कळलं?' असं विचारणं. खरी गळती तिथे सापडते.

ईएटीमध्ये 'अन्नाचे लहान तुकडे करते/करतो' असं वाक्य आहे. सुरी-काट्याने जेवणाऱ्यांत ते लक्षण ठरू शकतं. आपल्याकडे भाकरीचा तुकडा मोडूनच जेवतात, सगळे 'नेहमी' म्हणतील आणि फुकटचे ३ गुण मिळवतील. 'एक घास खूप वेळ घोळवतो, मुद्दाम इवलेसे घास घेतो' असं काहीतरी करून पडताळा. ईडीई-क्यूमध्ये जागेपणी सलग आठ तास काही न खाण्याबद्दल विचारलंय, तेही वजन किंवा आकारासाठी. हा शेवटचा भाग मराठीत ठळक आला नाही तर श्रावणी सोमवार आणि नवरात्राचे उपवास त्यात मिसळतात. उलटंही होतं, उपवासाच्या आडून न खाणं घरात खपून जातं. म्हणून एक जोडप्रश्न ठेवा: 'घरात कुणाचा उपवास नसतानाही तू धरतोस का?' डीएमएसमधले १० पाउंड सरळ 'चार-पाच किलो' करा.

ईएटीच्या काही प्रतींत २५ आणि २६ या वाक्यांचा क्रम बदललेला असतो. नवे चमचमीत पदार्थ चाखायला आवडतात, हे वाक्य उलटं मोजायचं. वाक्य वाचून ठरवा, क्रमांकावर जाऊ नका.

आणि 'बिंज'ला (अनावर खाण्याला) नुसतं 'खूप खाणं' म्हणू नका. बल्किंगमध्ये (स्नायू वाढवायला जास्त खाण्याच्या काळात) मुलगा ठरवून आठ अंडी खातो, ते बिंज नाही. रविवारच्या चीट मीलमध्ये (आहाराचे नियम मोडायची सूट असलेल्या जेवणात) थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही आणि सोमवारी त्याची भरपाई म्हणून उपाशी राहतो, हे आहे. 'ताबा सुटला' हा शब्द हवाच.

शोधार्थी_कोल्हापूर

खूप आभार. आणखी दोन गोष्टी. फॉर्म जिममध्येच भरून घेतले तर चालतील का? आणि तालमीतले पैलवान याच गटात घालू का?

मोजपट्टी

जिममध्ये परवानगी घ्या, फॉर्म मात्र मोबाइलवर घरी भरू द्या. ट्रेनर आसपास असला की पावडर आणि 'सायकल'च्या (स्टेरॉइडच्या कोर्सच्या) प्रश्नांना खरी उत्तरं येत नाहीत. 'सप्लिमेंट घेता का' असं एकत्र विचारू नका. पावडर, गोळ्या, इंजेक्शन हे तीन वेगळे प्रश्न करा.

पैलवान वेगळे ठेवा. त्यांचा खुराक हा खेळाचा भाग आहे आणि वजन उतरवणं कुस्तीच्या वजनगटात बसण्यासाठी असतं. याचा अर्थ ते सुरक्षित आहेत असा नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान घाम काढून वजन उतरवताना दगावले. तुमच्या पैलवानांना एक प्रश्न जास्तीचा विचारा: स्पर्धा झाल्यावरही तोच नियम चालू राहतो का?

डॉक्टर_ओपीडी

आजारी निघाला तर काय, हे अर्ज एथिक्स कमिटीकडे जाण्याआधीच लिहून ठेवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १८ खालच्यांसाठी पालकांची संमती आणि १२ वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची लेखी सहमती, दोन्ही लागतात. कोणत्या उत्तरानंतर गोपनीयता मोडावी लागेल, हे मुलाला आधीच सांगा.

वजन घेणार असाल तर एकेकट्याचं, काट्याकडे पाठ करून, आकडा न उच्चारता. १८ पर्यंत मोठ्यांचा बीएमआय लावू नका, आयएपीचे (भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे) २०१५ चे तक्ते वापरा. पण बीएमआय 'नॉर्मल' आला म्हणून सोडूही नका. ९० किलोचा मुलगा चार महिन्यांत ६५ वर आला तर तक्त्यात तो छान दिसतो, घरचे कौतुक करतात, आणि नाडी ४४ असते. दिवसा जागेपणी नाडी ५० च्या खाली, किंवा आडव्याचं उभं राहिल्यावर वरचा रक्तदाब २० पेक्षा जास्त उतरणं किंवा नाडी ४० पेक्षा जास्त वाढणं, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरकडे. 'खेळाडूची नाडी कमीच असते' ही समजूत इथे घात करते. वजन झपाट्याने उतरलं असेल तर ईसीजी आणि पोटॅशियम-फॉस्फेट पाहिल्याशिवाय तिला खेळाडूची नाडी म्हणू नये.

पालकांना एक गोष्ट जरूर सांगा. खूप दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला घरी एकदम तुपाशी खाऊ घालू नका. अन्न अचानक वाढलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं, हृदयाची लय बिघडू शकते. सुरुवातीचे दिवस रक्त तपासत, देखरेखीखालीच वाढवायचं.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा. तो सगळ्यांच्या फॉर्मवर असू द्या, फक्त जास्त गुण आलेल्यांना दिला तर वर्गात कोण 'निघाला' ते लगेच कळतं.