मदत हवी आहे : जर्मन शाळांतली १९व्या शतकातली इंग्रजी व्याकरणं

जर्मन भाषकांना इंग्रजी व्याकरण कसं शिकवलं गेलं, यावर लेख लिहितेय. दोन टोकं पक्की आहेत. १७९३ मध्ये योहान ख्रिस्टियान फिक यांचं व्याकरण एर्लांगेनला निघालं : आधी नियम, मग जर्मन वाक्यं इंग्रजीत उतरवायची. १८८२ मध्ये विल्हेल्म व्हिएटर यांनी टोपणनावाने पुस्तिका काढून असलं शिक्षण उलटं फिरवायची मागणी केली. बोलणं आधी, नियम मुलांनी उताऱ्यातून शोधायचे. अजूनही वाचावी अशी धारदार पुस्तिका आहे ती.

अडलंय ते मधल्या काळात. मला मुख्यतः इंग्रजी क्रियापदाचा चालू काळ ('I am writing' सारखी रूपं) बघायचा आहे. 'लिहितो' आणि 'लिहितोय' हा फरक आपल्याला चटकन कळतो, जर्मनमध्ये मात्र साधं वर्तमानकाळाचं रूप दोन्हीकडे चालतं. मग त्या मुलांना तो नियमाने समजावत, की नुसत्या सरावाने?

म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह चाळला. शीर्षकं भरपूर मिळाली, पण वर्गात कोणतं पुस्तक लावलं होतं ते त्यावरून कळत नाही. शाळांच्या वार्षिक अहवालांत पाठ्यपुस्तकांचे उल्लेख सापडतात, पण एकेक शाळा धरून शोधणं फार वेळखाऊ आहे. जर्मन आणि जुनी फ्राक्टुर लिपी वाचता येते. पैसे भरून मिळणारी नियतकालिकं परवडणार नाहीत. फ्रेंचची व्याकरणं नकोत.

१८२० ते १८८० दरम्यान प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या शाळांत लावलेल्या इंग्रजी व्याकरणांची एकत्रित यादी ऑनलाइन, मोफत कुठे मिळेल?