उणे २० ला पण ढगातलं पाणी गोठत नाही??

शेवग्याची शेंग: डीप फ्रीजरमध्ये सीलबंद पाण्याची बाटली विसरले होते, काढली तर पाणीच, आणि ओट्यावर जरा आपटली तर झर्रकन वरपासून खालपर्यंत भुसभुशीत बर्फ! मग वाचत बसले तर म्हणे ढगातले थेंब उणे २० ला पण पाणीच राहू शकतात आणि एखादा कण मिळाला की गोठतात. मग शून्याला पाणी गोठतं हे शाळेत शिकलो ते काय? आणि कण नेमकं करतो काय, तो जास्त गार असतो का?

गारठा: शून्याला बर्फ वितळतो हे पक्कं, पण गोठायला कुणीतरी सुरुवात करावी लागते. रेणू सारखे जमतात आणि सुटतात, बर्फासारखी मांडणी जमली तरी पुंजका चिमुकला असेल तर विस्कटतो, कारण त्याला आकाराच्या मानाने पृष्ठभाग फार आणि पृष्ठभाग बनवायलाच एनर्जी खर्च होते. एका साइजच्या पुढे गेला की मग वाढतच सुटतो. कण गार-बिर काही नसतो, तो फक्त टेकायला जागा देतो, तेवढा उघडा पृष्ठभाग वाचतो. कणच नसेल तर बारीक शुद्ध थेंब साधारण उणे ३८ पर्यंत पाणीच राहतो.

शेवग्याची शेंग: म्हणजे विरजणच की!

खडीसाखर: नाही हो ताई, विरजण म्हणजे दह्यातच दही, तसं करायचं तर बर्फाचा खडा टाकायचा. धुळीचा कण म्हणजे मिरचीची देठं टाकून दही लावणं 😄 आणि कुठल्याही देठाने लागत नाही तसंच इथे. उणे २० च्या आसपास लिटरभर हवेत असा कामाचा कण ढोबळमानाने एखादाच, आणि थेंब लाखांनी. धुळीत पोटॅशियमवाला फेल्डस्पार (दगडातलं एक खनिज) भारी, तो ग्रॅनाइटमध्ये भरपूर, आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये फारसा नाही. सगळ्यात वस्ताद म्हणजे स्युडोमोनास सिरिंगी हा पानांवरचा बॅक्टेरिया, त्याच्या अंगावरच्या प्रोटीनवर पाण्याचे रेणू बर्फासारखे बसतात आणि उणे २ लाच काम सुरू.

बांधावरून: लाखात एक थेंब गोठून काय दिवे लागणार? पाऊस पडतो का त्याने?

गारठा: पडतो ना. बर्फावर वाफ थेंबापेक्षा लवकर बसते, त्यामुळे तो एकटा फुगत जातो आणि शेजारचे थेंब आटतात. मग जड झाला की खाली येताना वाटेत भेटतील ते थेंब अंगाला चिकटवून घेतो. गारा अशाच वाढतात.

बांधावरून: मग सोलापूरला कृत्रिम पावसासाठी विमानातून फवारलं ते हेच ना, सिल्व्हर आयोडाइड?

खडीसाखर: नाही, तिथल्या प्रयोगात मुख्यतः कॅल्शियम क्लोराइडच्या फ्लेअर (जाळून धूर सोडायच्या नळकांड्या) होत्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा प्रयोग. ते पाणी ओढून थेंब मोठे करतं, बर्फाशी संबंध नाही. सिल्व्हर आयोडाइड थंड ढगांसाठी, त्याच्या स्फटिकाची मांडणी बर्फाशी जुळते हे १९४६ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड व्होनेगट या शास्त्रज्ञाने हेरलं. बातम्यांमध्ये दोन्हीची खिचडी असते.

शेवग्याची शेंग: बाटली परत ठेवलीय. यावेळी आपटणार नाही, झाकण उघडून बर्फाचा खडा.