वयोश्रीचे तीन हजार खात्यात बरे, की शिबिरातली काठी?

तापीकाठ (चोपडा)
मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना एकदाच 3,000 रुपये खात्यात मिळतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री 2017ची. तिच्यात अलिम्कोकडून, म्हणजे दिव्यांगांसाठी साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीकडून, काठ्या, वॉकर, खुर्च्या, कानाची यंत्रं शिबिरात वाटतात. माझं म्हणणं, पैसेच द्या. आमच्याकडे एका शिबिरात सगळ्यांना एकाच उंचीवर लावलेल्या काठ्या दिल्या. आज त्या कोंबड्या हाकायला आहेत.

ऐकू_येतं_का (भुसावळ)
काठीला भोकं असतात भो, उंची बदलता येते. सरळ उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेषेशी आली पाहिजे आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे सांगायला कोणी नव्हतं, हा दोष काठीचा?
आणि तीन हजारांत कानाचं काय घेणार? आवाज मोठा करणारं डबडं. ते नातवाचा आवाजही वाढवतं आणि मिक्सरचाही. आधी तपासणी लागते, यंत्र त्या माणसाच्या ऐकण्यानुसार लावावं लागतं. छोट्या बटण बॅटऱ्या आठवड्या-दोन आठवड्यांत संपतात, त्या वेगळ्याच.

वहिनी_अमळनेर
सासूबाईंचे तीन हजार कपाशीच्या बियाण्यात गेले. कोणी हिसकावले नाहीत, त्यांनीच काढून दिले. घरात पेरणीची ओढाताण दिसत असताना कोणती म्हातारी स्वतःसाठी कमोडची खुर्ची आणेल?

तापीकाठ
मग बिघडलं काय? पैसे त्यांचे, मर्जी त्यांची. साठी उलटली की माणसाला अक्कल नसते असं धरून चालायचं का?

वहिनी_अमळनेर
अक्कल आहे, पण भीडही आहे ना. मोरीत पडल्या तेव्हा दवाखान्याचा खर्च घरानेच केला. वस्तू त्यांच्या नावाने आली असती तर निदान वापरली असती.

सातपुडा_पायी (धडगाव)
तुमचं दोघांचं सपाटीवरचं भांडण. आमच्या पाड्याच्या वाटेवर व्हीलचेअर चालत नाही. मला पोलिओ, कॅलिपर लावतो, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा. पट्टा तुटला तर चपला शिवणारा लावून देतो, गुडघ्याचं लॉक गेलं की नंदुरबार. जाण्या-येण्यात दिवसाची मजुरी बुडते. पैसे द्या नाहीतर वस्तू द्या, दुरुस्ती तालुक्याला हवी. ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी असतो ना? आमच्या गावात दरवर्षी त्यातून काहीतरी वाटप होतं, फोटो निघतो. दुरुस्तीवर एकदाही गेला नाही.

ऐकू_येतं_का
याला माझा पाठिंबा. राष्ट्रीय वयोश्रीत अलिम्कोने वर्षभर मोफत देखभाल करायची असं कागदावर आहे. पण ती मागायची कुठे हे गावातल्या आजोबांना कोण सांगणार? म्हणून वाटप बंद करा, हे मात्र मला पटत नाही.

तापीकाठ
बसवा दुरुस्तीचा माणूस तालुक्याला, मग मी गप्प. तोवर पैसेच.

रावेरचा_नातू
वाद चालू द्या. वहिनी, मोरीत आता काही बसवलं का? आमच्या आजीसाठी विचारतोय.

वहिनी_अमळनेर
हो, भिंतीला लोखंडी दांडी. ओल्या हातातून सटकू नये म्हणून जरा खडबडीत घ्या. सासूबाईंना स्टुलावर बसवलं, उठताना हात आपोआप जिथे गेला तिथे खडूने खूण केली आणि गवंड्याला दाखवली. मातीची भिंत असेल तर लावू नका, उखडते. तिथे जमिनीत खांब रोवा.