महाराष्ट्र दिनाचे व्याख्यान : वि. स. पागे यांचे नाव

प्रेषक : व्याख्यान समितीचा एक सदस्य
प्रति : मंडळाचे सर्व सभासद

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

यंदाच्या महाराष्ट्र दिनी राज्याच्या एखाद्या राजकीय नेत्याच्या जीवनकार्यावर व्याख्यान ठेवावे, असे कार्यकारिणीने ठरवले आहे आणि त्यासाठी नावे मागवली आहेत. आतापर्यंत आलेली बहुतेक नावे मुख्यमंत्र्यांची आहेत आणि त्यांच्या योग्यतेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तरीही मी विठ्ठल सखाराम पागे यांचे नाव आग्रहाने सुचवू इच्छितो. त्यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, मात्र त्यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेवर खेड्यापाड्यांतल्या लाखो घरांची चूल पेटली.

पागे यांचा जन्म १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यातील बागणी या गावी झाला. स्वातंत्र्यलढ्याच्या संस्कारात घडलेले, गांधीविचार मानणारे आणि संतवाङ्मयाचा व्यासंग असलेले हे गृहस्थ १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या हाती कोणतेही खाते नसते, बदल्यांचे अधिकार नसतात आणि सभागृहातल्या वादात त्याने बाजू घ्यायची नसते. अशा आसनावर बसून एखाद्या माणसाने राज्याच्या ग्रामीण जीवनावर इतका खोल ठसा उमटवावा, याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

त्यांनी मांडलेली गोष्ट कोणती, हे नीट सांगितले पाहिजे. इंग्रजांच्या काळापासून दुष्काळी कामे निघत होती, परंतु ती निघायची सरकारने टंचाई जाहीर केल्यावर. पीक बुडायचे, आणेवारीचे, म्हणजे पीक किती आले याच्या अंदाजाचे, कागद तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मुंबईला जायचे, आणि निर्णय होईपर्यंत माणसे गाव सोडून गेलेली असायची, गुरे बाजारात गेलेली असायची. पागे यांचे म्हणणे असे होते की, अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असलेल्या माणसाने काम मागितले की ते त्याला मिळालेच पाहिजे, मग त्या वर्षी दुष्काळ जाहीर झालेला असो वा नसो. १९६९ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात या कल्पनेचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये राज्याने योजना म्हणून ती स्वीकारली आणि पुढे विधिमंडळाने तिचे कायद्यात रूपांतर केले. तो महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

पागे यांच्या विचारातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पैशाचा आहे. हक्क देणारे कायदे पुष्कळ होतात, पण त्यांच्यासाठी पैसा कुठून यायचा हा प्रश्न बहुधा मोकळा सोडला जातो. इथे तसे झाले नाही. १९७५ साली व्यवसाय कर (प्रोफेशनल टॅक्स) बसवण्यात आला, त्याच्या जोडीला मोटार वाहनांवरील आणि बागायती जमिनीवरील वाढीव आकारणी आली, आणि या वाटांनी जेवढी रक्कम जमेल तेवढीच राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, असे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. आपल्यापैकी ज्यांनी पुण्या-मुंबईत नोकरी केली आहे, त्यांनी आपली जुनी वेतनपत्रके काढून पाहावीत. दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये अशी जी कपात 'पी. टी.' या नावाखाली दिसते, ती हीच. मुंबईच्या कचेरीतल्या पगारातून माण-खटावसारख्या दुष्काळी भागातल्या पाझर तलावावरची मजुरी देण्याची ही व्यवस्था होती, आणि ती फारशी खळखळ न होता स्वीकारली गेली, हे त्या काळच्या महाराष्ट्राला शोभणारे होते.

आपल्या नव्या पिढीला हा माणूस माहीत व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कार्यकारिणीने विचार करावा.

आपला नम्र,
व्याख्यान समिती सदस्य

————

प्रेषक : मंडळाचे माजी कार्यवाह
प्रति : मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

समिती सदस्यांचे पत्र आदराने वाचले. पागे यांच्याविषयी मलाही आदर आहे. तरी श्रेयाच्या वाटणीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे वसंतराव नाईक यांचे नाव आजही घरच्या माणसासारखे घेतले जाते, तेव्हा माझ्या लिहिण्यात थोडा पक्षपात असेल, तो वाचणाऱ्यांनी समजून घ्यावा. पागे यांनी कल्पना मांडली हे खरे, पण ती उचलून धरणारे मुख्यमंत्री नाईक होते. १९७२-७३ च्या दुष्काळात राज्यातल्या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना काम, मजुरी, धान्य आणि सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) पुरवणाऱ्या शासनयंत्रणेने त्या दोन वर्षांत जे शिकून घेतले, त्याच्या बळावरच पुढे हमी देण्याची हिंमत करता आली. शिवाय डाव्या आणि समाजवादी पक्षांनी त्या काळात गावोगाव मोर्चे काढले, 'काम द्या' म्हणून तहसील कचेऱ्यांना घेराव घातले. दुष्काळ पडलाच नसता आणि मोर्चे निघालेच नसते, तर तासगावचा प्रयोग तालुक्याच्या वेशीबाहेर गेला असता का, याचे उत्तर व्याख्यात्याने दिले पाहिजे.

दुसरे असे की, योजनेच्या नावाने जमलेला निधी पुढच्या काळात पूर्णपणे खर्च झाला नाही, हा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे. व्याख्यानात त्याचाही उल्लेख व्हावा. केवळ गौरवपर भाषण झाले, तर पागे यांच्यासारख्या कायद्याच्या जाणकाराला ते आवडले नसते.

आपला,
माजी कार्यवाह

————

प्रेषक : ज्येष्ठ नागरिक गटातील एक सभासद
प्रति : मंडळाचे सर्व सभासद

सर्वांस नमस्कार.

मी सहसा या चर्चांत भाग घेत नाही. परंतु या योजनेच्या कामांवर मी सरकारी नोकरीत ओव्हरसिअर म्हणून उभा राहिलो आहे, त्यामुळे चार शब्द लिहिणे माझे कर्तव्य समजतो. श्रेय कोणाचे, याचा निवाडा मी करू शकत नाही. कामावर काय घडत असे, तेवढे सांगतो.

पाझर तलावाच्या कामावर माती खणण्यासाठी टोळ्या पाडलेल्या असत. एका टोळीत बहुधा एकाच भावकीतली किंवा वस्तीतली माणसे असत. पुरुष खणत, बायका पाट्या उचलून भरावावर नेऊन टाकत. खड्ड्याच्या मधोमध न खणलेल्या मातीचा एक खुंट मुद्दाम तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती हे कळते आणि खोलीचे माप घेता येते. आठवड्याच्या शेवटी मी टेप धरून लांबी, रुंदी आणि खोली घेई, ती मोजमाप पुस्तकात लिही, आणि घनमीटरच्या दराप्रमाणे टोळीची मजुरी निघे. जमीन मुरमाड असेल तर दर वेगळा, मऊ माती असेल तर वेगळा, पाणी किंवा माती लांबून वाहून आणावी लागत असेल तर त्याचा वेगळा. हे वर्गीकरण ओव्हरसिअरच्या हातात असे, आणि त्याने मुरुमाला माती म्हटले की पूर्ण टोळीच्या पोटाला चिमटा बसे. म्हणून मी खड्ड्यात स्वतः उतरून कुदळ मारून पाहत असे.

या मोजमापाच्या पद्धतीची एक चांगली बाजू होती. दर कामाला होता, माणसाला नव्हता, त्यामुळे बाईची मजुरी वेगळी आणि पुरुषाची वेगळी असा भेद दरपत्रकात नव्हता. शेतावर त्याच बाईला पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास रोज मिळत असे. कामांवर बायकांची संख्या एवढी मोठी का होती, याचे उत्तर इथे आहे. वाईट बाजूही होती. ज्या टोळीत म्हातारी आणि अशक्त माणसे अधिक, तिची मजुरी कमी निघे, आणि पंगतीत सगळ्यांत भुकेला माणूसच सगळ्यांत कमी जेवावा, तसे होई.

हजेरीपटाबद्दलही लिहिले पाहिजे. मयत माणसांची आणि गावात नसलेल्यांची नावे हजेरीपटावर चढवण्याचे प्रकार मी पाहिले आहेत आणि सही करण्यासाठी माझ्यावर दडपण आलेले आहे. मुकादम, वरिष्ठ आणि गावपुढारी यांचे संगनमत असेल, तर एकटा कनिष्ठ कर्मचारी फार काही करू शकत नसे. तरीसुद्धा, पन्नास मजुरांनी मिळून अर्ज दिला की नवे काम काढावेच लागते, आणि पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारभत्ता द्यावा लागतो, हे तहसीलदाराला माहीत असे आणि मुख्य म्हणजे मजुरांनाही माहीत होत चालले होते. भत्ता होता दिवसाला एक रुपया आणि तो मिळाल्याचे मी क्वचितच ऐकले, पण तहसील कचेरीच्या पायरीवर बसलेल्या बायका 'कायद्यात आहे' असे म्हणून उठायला नकार देत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. टंचाईच्या कामांच्या दिवसांत तीच माणसे हात जोडून उभी असत.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसिअर

————

प्रेषक : व्याख्यान समितीचा एक सदस्य
प्रति : मंडळाचे सर्व सभासद

आदरणीय ओव्हरसिअर काका आणि माजी कार्यवाह, दोघांचेही मनःपूर्वक आभार.

नाईक यांच्या वाट्याचे श्रेय नाकारण्याचा माझा हेतू नाही. उलट, सभापतीने सुचवावे, मुख्यमंत्र्याने ऐकावे, १९७५ नंतर मुख्यमंत्री बदलत गेले तरी काम थांबू नये आणि शेवटी विधेयक एकमताने संमत व्हावे, हा सगळा प्रवासच व्याख्यानाचा विषय व्हावा, असे आता मला वाटते. विधेयक संमत झाले तेव्हा पागे सभापतिपदावरच होते. एप्रिल १९७८ मध्ये ते पदावरून गेले. १९९० साली त्यांचे निधन झाले.

दुष्काळ नसता तर काय झाले असते, या प्रश्नावर मात्र मी माझे म्हणणे सोडणार नाही. १९७३ नंतर पाऊस बरा झाला. दुष्काळाच्या धाकाने उभी राहिलेली गोष्ट पाऊस पडताच गुंडाळली जाते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. इथे कर बसला तो पावसानंतर आणि कायदा झाला तोही पावसानंतर. म्हणजे दुष्काळाने तिला गती दिली असेल, पण ती टिकली ती पागे आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी सुकाळातही तिचा पाठपुरावा सोडला नाही म्हणून.

खर्च न झालेल्या निधीचा आणि काकांनी सांगितलेल्या हजेरीपटाचा विषय व्याख्यानात यावा, याला माझी पूर्ण संमती आहे. त्यात आणखी एक भर घालतो. १९८८ मध्ये किमान वेतन वाढल्याने योजनेवरील मजुरी जवळपास दुप्पट झाली, ही मजुरांच्या दृष्टीने न्यायाची गोष्ट होती, पण त्यानंतर काम मिळालेल्यांची संख्या घटली. पैसा वाढवला नाही आणि दर वाढवला की कामे कमी निघतात, आणि कागदावर हमी तशीच राहते. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. मात्र त्यात एका कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची मर्यादा आली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती आणि हक्क कुटुंबाऐवजी प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होता. माझ्या मते पागे यांची मांडणी इथे अधिक उदार होती.

कार्यकारिणीस विनंती अशी की, व्याख्यानाला दीड तास ठेवावा आणि त्यातली शेवटची वीस मिनिटे काकांना द्यावीत. मोजमाप पुस्तकात नोंद कशी करतात, हे त्यांनी फळ्यावर एक खड्डा काढून मुलांना दाखवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आपला नम्र,
व्याख्यान समिती सदस्य