कानबाईच्या रोटात माझाही वाटा

"जिथं रेशन कार्ड तेच आपलं गाव" असं कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. माझं रेशन कार्ड, आधार सगळं सुरतचं, लिंबायतला राहून २२ वर्षं झाली, पोरं गुजराती फाडफाड बोलतात, पण श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार जवळ आला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही, कारण गावाकडे, खान्देशात, कानबाई देवी बसते आणि आमच्यात रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू घरच्या माणसांच्या हिशोबानं मोजून घेतात. सुट्टी मिळो न मिळो, त्यात माझे गहू असतातच. आई फोनवर सांगते, "तुना बी वाटा शे." डोळे भरून येतात हो.

आणि खान्देश नावाचा जिल्हा तरी कुठं राहिलाय? १९०६ ला पूर्व-पश्चिम असे दोन झाले, पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे, १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. तरी इथं उधना स्टेशनवर कुणी "कोठला शे भाऊ?" विचारलं की तोंडातून आधी खान्देशच निघतं, तालुका मागून.